अवॉर्डचा मेल आलाय, पैसे भरू का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हा भाऊ जळगाव एमआयडीसीत पाइप आणि ठिबकचं सामान बनवणाऱ्या कंपनीत दोन वर्षं कम्युनिकेशन बघतोय, म्हणजे गृहपत्रिका (कंपनीचा आपल्या माणसांसाठीचा अंक), शेतकऱ्यांची पत्रकं, व्हॉट्सअप ग्रुप, एमडी साहेबांचं 15 ऑगस्टचं भाषण, सगळं एकट्याच्या अंगावर. आता त्याला मेल आलाय की अभिनंदन, आपली निवड झाली आहे, दिल्लीच्या हॉटेलात सोहळा, नॉमिनेशन फी 45,000 अधिक जीएसटी, दोन दिवसांची कॉन्फरन्स त्यातच. साहेब म्हणतायत भरून टाक, रिसेप्शनमधे ट्रॉफी बरी दिसते. तो विचारतोय भरू का, आणि नाही भरायचे तर मग या संस्था, कॉन्फरन्स, अवॉर्ड यांचा आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या माणसाला काही उपयोग असतो का.

तुझ्या वयाचा माझा भाचा आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नको.

पहिलं उत्तर सोपं आहे. भरू नको. तू अर्जच केला नाहीस तर निवड कशाची झाली रे? त्या मेलमधे ज्युरीची नावं आहेत का बघ, कशावर गुण देणार ते लिहिलंय का बघ, मागच्या वर्षी किती एंट्र्या आल्या आणि किती जणांना मिळालं ते आहे का बघ. नसणारच. जितके चेक येतात तितक्या कॅटेगऱ्या निघतात, स्टेजवर दर चाळीस सेकंदाला एक कंपनी, एखादा जुना हिरो किंवा माजी मंत्री हातात देतो, फोटो, पुढचा. मी अशा एका सोहळ्याला 2011 ला आमच्या तेव्हाच्या साहेबांबरोबर गेले होते, आमच्याच कॅटेगरीत तीन 'बेस्ट' होते आणि तिघं एकाच टेबलावर जेवत होतो. साहेब परतीच्या गाडीत भुसावळ येईपर्यंत काही बोलले नाहीत.

पण फी घेतात म्हणून सगळेच तसले, असं नाही हां. खऱ्या संस्थाही एंट्री फी घेतात, त्यांनाही हॉल, चहा, छपाई, पोस्टेज आहे. फरक ओळखायचा तो इथे की तिथे हरता येतं. जिथे पैसे भरून हरण्याची शक्यता आहे तिथली ट्रॉफी काहीतरी सांगते.

आता खऱ्या संस्था कोणत्या. आपल्याकडे जुन्या दोन. एक एबीसीआय, म्हणजे असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स ऑफ इंडिया, मुंबईची, 1957 ची. सुरुवातीला तिचं नावच औद्योगिक संपादकांची संघटना असं होतं, कारण तेव्हा कंपनीचा कम्युनिकेशनवाला म्हणजे गृहपत्रिकेचा संपादक, बाकी काही नाही. तुझं आजचं काम बघता फार काही बदललंय असं वाटत नाही मला! हिच्या अवॉर्डमधे गृहपत्रिका, कॅलेंडर, अहवाल अशा कॅटेगऱ्या असतात आणि भारतीय भाषांतल्या अंकांना जागा असते, म्हणून मराठीत काम करणाऱ्याने पहिली एंट्री इथे टाकावी असं माझं मत. दुसरी पीआरएसआय, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया, 1958 ची. 21 एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून जे मेसेज फिरतात ना, त्याचं मूळ म्हणजे 21 एप्रिल 1968 ला दिल्लीत झालेली यांची पहिली अखिल भारतीय परिषद, तिथेच यांनी आचारसंहिता स्वीकारली, आणि दिवस म्हणून पाळायला लागले ते 1986 पासून. परिषद दरवेळी वेगळ्या शहरात असते, डिसेंबर 2024 ची रायपूरला होती, म्हणजे भुसावळहून एका गाडीत. मुंबई-दिल्लीच पाहिजे असं काही नाही.

बाहेरची मोठी म्हणजे आयएबीसी, इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स, 1970 ला दोन जुन्या संपादक-संघटना एकत्र होऊन झाली. गोल्ड क्विल नावाचं अवॉर्ड यांचं. वर्ल्ड कॉन्फरन्स 2023 ला टोरांटो, 2024 ला शिकागो, 2025 ला व्हँकुव्हर, तिथे जाण्याचं तू आत्ता मनातही आणू नको, व्हिसा-तिकिटात तुझ्या डिपार्टमेंटचं वर्षाचं बजेट जाईल. पण गोल्ड क्विलचा फॉर्म कसा असतो तो मात्र नक्की बघ, त्यावर पुढे येते. आणि एक एबीसी नावाची संस्था आहे, असोसिएशन फॉर बिझनेस कम्युनिकेशन, ती प्राध्यापकांची, 1936 पासूनची, विद्यापीठात शिकवणाऱ्यांसाठी, त्यांची परिषद म्हणजे शोधनिबंध. आपल्या विद्यापीठातल्या कुणाला उपयोगाची, तुला नाही. या एबीसीचा गोंधळ फार होतो, पेपरवाला एबीसी म्हणतो तेव्हा त्याला खपाचे आकडे तपासणारी 1948 ची ऑडिट ब्युरो म्हणायचं असतं, मी एकदा आमच्या अकाउंटवाल्याला समजावता समजावता दमले, त्याने शेवटी व्हाउचरवर 'एबीसी वगैरे' असं लिहिलं.

आता खरा मुद्दा. फॉर्म.

मी 1997 ला एका कारखान्याच्या गृहपत्रिकेपासून सुरुवात केली, पहिली एंट्री 2001 ला पाठवली. दिवाळी अंक होता, 130 जीएसएम आर्ट पेपर, चार रंग, प्रेसवाल्याने सिल्व्हर शाईसुद्धा मारून दिली होती. सोबत एक पत्र जोडलं की आमचा अंक अत्यंत लोकप्रिय असून कामगारांच्या कुटुंबांत आवडीने वाचला जातो. काही मिळालं नाही. पुढे एका कॉन्फरन्सला ज्युरीतले एक गृहस्थ भेटले, वयस्कर, धोतर-कोटातले, मी विचारलंच त्यांना की काय कमी पडलं, तर म्हणाले बाई, आवडीने वाचला जातो हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आल्यावर मी कँटीनमधे जाऊन बसले, दुसऱ्या शिफ्टच्या जेवणाला, आणि एका अमळनेरच्या फिटर आबांना विचारलं अंक वाचला का. ते म्हणाले, 'ताई, हाई वाचाले येळ कोनले शे? पोरगी फोटू दखस.' हे वाचायला वेळ कुणाला आहे, पोरगी फोटो बघते. म्हणजे वाचक कोण आहे हेच मला चार वर्षं माहीत नव्हतं, मी आपली एमडींचं मनोगत दोन पानं छापत होते.

तर गोल्ड क्विलचा फॉर्म मी म्हणते ना, त्याच्यात गुण दोन भागांत असतात, अर्धे तू केलेल्या वस्तूला, म्हणजे अंक, फिल्म, पोस्टर जे असेल ते, आणि अर्धे तिच्यामागच्या कागदाला. त्या कागदात विचारतात, गरज काय होती, हे कुणासाठी होतं आणि त्या माणसांबद्दल तुम्हाला काय माहीत होतं, उद्देश काय ठरवला, उपाय काय काढला आणि तोच का, करताना अडचणी काय आल्या, पैसे किती लागले, आणि शेवटी मोजलं काय. सातपैकी गुण देतात. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे एंट्र्यांची एकमेकींशी शर्यत नसते, ठरलेल्या पातळीच्या वर गेला तो जिंकला, एखाद्या वर्षी एका कॅटेगरीत पाच जिंकतील, एखाद्या वर्षी एकही नाही. आपल्याकडे पहिला-दुसरा-तिसरा याची इतकी सवय की हे समजायला वेळ लागतो.

भल्याभल्यांचा फॉर्म अडतो तो उद्देशापाशी. 'शेतकऱ्यांमधे जागृती निर्माण करणे.' अरे किती जागृती? कुणात? कधीपर्यंत? मी स्वतः तीन-चार वेळा वेगवेगळ्या ठिकाणी एंट्र्या तपासल्यात, एका दिवसात पंचवीस-तीस फाइली समोर येतात, दुपारी जेवणानंतर डोळे मिटत असतात, आणि दहातल्या आठ फाइलीत उद्देश हा काम झाल्यावर मागून लिहिलाय हे वासावरून कळतं. कारण तो निकालाला अगदी मापाने बसतो! आधी लिहिलेला उद्देश थोडा तरी चुकतो. ज्याने 'ठरवलं होतं इतकं, झालं तितकं, कारण असं' हे सरळ लिहिलं त्याला मी जास्त गुण दिलेत, बाकीचे ज्युरीही देतात.

माझीच एक फजिती सांगते, ठिबकची आहे म्हणून तुला नीट कळेल. मी तेव्हा अशाच एका कंपनीसाठी बाहेरून काम करायचे. रावेर-यावल पट्ट्यातून केळीवाल्यांचे सारखे फोन, पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचत नाही. सर्व्हिसचा माणूस जळगावहून मोटारसायकलवर साठ-सत्तर किलोमीटर जायचा आणि बघायचं काय, तर फिल्टर गाळाने भरलेला. दहा मिनिटांचं काम, दिवस गेला. मॅन्युअलमधे सगळं होतं, पान 14 वर, चार भाषांत. मॅन्युअल कुठे असतं, घरी कपाटात, लग्नपत्रिकांच्या खाली. मी म्हटलं सूचना फिल्टरवरच चिकटवा. दोन रंगांचा स्टिकर केला, उन्हापाण्यात टिकेल असा, आणि फिल्टरच बोलतोय असं लिहिलं, 'पानी शेवटलोंग जास नही? पहिले माले धुवा.' म्हणजे पाणी शेवटपर्यंत जात नाही? आधी मला धुवा. मार्केटिंगच्या पोरांनी नाकं मुरडली, हे काय गावठी. मग सर्व्हिसच्याच एका मुलाने सांगितलं की मॅडम ही अहिराणी झाली, अमळनेर-धुळ्याकडे चालेल, रावेरकडे लेवा बोली, तिकडे 'माले' नाही 'मले' म्हणतात, हसतील लोक. बरोबर होतं त्याचं. दोन वेगळे स्टिकर छापले. पुण्याच्या एजन्सीला हे सुचलं नसतं, आणि तुझ्याकडे काय आहे जे त्यांच्याकडे नाही असा प्रश्न तुला पडत असेल तर याच्यात बघ.

फोन कमी झाले. खरंच झाले, सर्व्हिसची पोरं स्वतः सांगायला लागली की आता चकरा वाचल्या. मी खुशीत एंट्री लिहायला बसले आणि विचारलं, मागच्या वर्षीचं तक्रार-रजिस्टर द्या, आधी किती फोन होते ते लिहायचंय. रजिस्टर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलं होतं. सरळ रद्दीत! आधीचा आकडा नाही म्हणजे कमी झाले कशापेक्षा, हे दाखवता येईना. अंदाजाने आकडा टाका असं सांगणारे दोघं निघाले, मी नाही टाकला, आणि एंट्री पडली. ज्युरीच्या शेऱ्यात लिहिलेलं, कल्पना उत्तम, पुरावा नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते, आणि त्याला काही नाही.

दोष रजिस्टर विकणाऱ्याचा नव्हता. काम सुरू करण्याआधी मी जाऊन ते बघायला पाहिजे होतं, तेव्हाच झेरॉक्स मारून ठेवायला पाहिजे होती.

त्यानंतरची माझी पद्धत अशी की एंट्री पाठवायची असो नसो, कुठलंही काम हातात घेतलं की तो फॉर्म आधी भरायचा, शेवटचा रकाना रिकामा ठेवून. दोन पानं. एका कंपनीत पगारपत्रक कुणाला कळत नव्हतं, पीएफ किती, ईएसआय कशाचं, दर महिन्याच्या 8 तारखेला एचआरच्या खिडकीसमोर रांग. तिथल्या क्लार्कताईला मी वही दिली आणि म्हटलं काही करू नका, माणूस आला की उभी रेघ मारा, पाचवी आडवी, आणि काय विचारलं ते एका शब्दात. तीन पगार असं मोजलं. मग कळलं की प्रश्न पीएफचा नव्हताच फारसा, लोकांना ओव्हरटाइमचे तास कुठल्या तारखेपर्यंतचे धरलेत हे कळत नव्हतं. पत्रक त्याचंच केलं, पोस्टकार्डाएवढं, पगाराच्या पाकिटात. पुढचे तीन पगार परत रेघा. रांग अर्ध्याहून खाली आली, वही जोडली एंट्रीला, त्या ताईच्या अक्षरासकट. रौप्य मिळालं. ट्रॉफी एचआरच्या कपाटात आहे, वही मी मागून घेतली.

मोजण्याबद्दल एक सांगायलाच पाहिजे कारण तुझ्या साहेबांना एजन्सीने नक्की ते दाखवलेलं असणार. पेपरमधे बातमी आली की सेंटिमीटरमधे मोजायची, जाहिरातीच्या दराने गुणायचं, वर बातमीला विश्वास जास्त म्हणून तिप्पट करायचं, आणि म्हणायचं साहेब बारा लाखांची प्रसिद्धी झाली. याला एव्हीई म्हणतात. 2010 ला बार्सिलोनात मोजमापवाल्या लोकांची परिषद झाली, त्यात सरळ ठरलं की एव्हीई म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नाही. तिथे ठरलेली तत्त्वं 2015 आणि 2020 ला सुधारून लिहिली, हे कलम काही हललं नाही. खऱ्या ज्युरीसमोर एव्हीई लिहिलंस की गुण जातात. आपल्याकडे मात्र अजून दर तिसऱ्या फाइलीत दिसतं. बातमी किती सेंटिमीटर हे प्रेसवाल्याचं काम झालं, ती वाचून कुणी काय वेगळं केलं ते तुझं.

भाषेचं. मराठी अंकाची एंट्री असली तरी सोबतचा कागद बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच लागतो. तो कुणाकडून भारी इंग्रजीत लिहून घेऊ नको. तू साधी वाक्यं लिही आणि कुणाकडून चुका तपासून घे. स्टिकरवरचं वाक्य तसंच ठेवायचं, देवनागरीत, खाली अर्थ द्यायचा आणि का हसू येतं तेही एका ओळीत सांगायचं, तमिळ ज्युरीला 'माले-मले' कसं कळणार.

कॉन्फरन्सचं थोडक्यात. जा, पण पहिल्या वर्षी भाषणांसाठी जाऊ नको. उद्घाटनाला दीड तास जातो, शाली-नारळ होतात, स्पॉन्सरचा माणूस स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या स्लाइडी दाखवतो, तेव्हा खुशाल बाहेर चहाला ये, तिथेच खरी माणसं उभी असतात. जिंकलेल्या एंट्र्या मांडून ठेवलेल्या असतील तर तिथे दोन तास घालव, वस्तू सगळे बघतात, तू तिच्यामागचा कागद वाचायला माग. आणि घरून एकच प्रश्न घेऊन जा. मी एकदा 'कामगाराच्या घरातल्या बाईपर्यंत अंक कसा पोचवायचा' एवढाच प्रश्न घेऊन गेले आणि भेटेल त्याला विचारत सुटले, सरकारी स्टील कारखान्यातल्या एका बाईंनी सांगितलं की अंक पोस्टाने घरच्या पत्त्यावर, बाईच्या नावाने पाठवा. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल. बॅगेत आपल्या अंकाच्या दहा प्रती ठेव, व्हिजिटिंग कार्ड फेकतात, अंक फेकत नाहीत, निदान हॉटेलच्या रूमपर्यंत तरी नेतात.

आणि जिल्ह्याच्या गावचं म्हणून दबून राहायचं काही कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या फैजपूरला 1936 ला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं, नंदलाल बोसांनी बांबू-तट्ट्यांत सगळं नगर उभं केलं, त्याच्यापुढे हे एसी हॉल काय घेऊन बसलास. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे, रोज, मी तर त्याला खान्देशातली पहिली गृहपत्रिका म्हणते, कुणी वाद घातला तर घालू दे. आणि भुसावळवरून जाणाऱ्या त्या जुन्या जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1920 च्या दशकात फिरता सिनेमा घेऊन जत्रांमधे रेल्वेची प्रसिद्धी केली, हे तर भारतातल्या जनसंपर्काच्या इतिहासात पहिल्या पानांवर सांगतात. आपल्याच रुळांवरून गेलेली गोष्ट आहे.

साहेबांना काय सांगायचं ते. सरळ 'हे अवॉर्ड खोटं आहे' म्हणू नको, त्यांनी बहुतेक घरी सांगून झालेलं असेल. म्हण की साहेब, याच पैशात एका खऱ्या संस्थेची वर्षाची मेंबरशिप, दोन एंट्र्या आणि एका माणसाचं थ्री एसीचं जाणं-येणं-राहणं बसतं, आणि तिथे जिंकलो तर ती ट्रॉफी डीलर मीटिंगमधे दाखवताना कुणी हसणार नाही. हिशोब कागदावर मांडून ने, फी त्या वर्षीच्या पत्रकातून बघून घाल, दरवर्षी बदलते. मेंबरला एंट्री फी सहसा कमी पडते, म्हणून आधी मेंबरशिप मग एंट्री, उलटं करू नको. परवानग्याही आत्ताच घेऊन ठेव, अंकात ज्या कामगारांचे, शेतकऱ्यांचे फोटो आहेत त्यांची सही, आणि आकडे बाहेर द्यायला फायनान्सचा होकार, शेवटच्या रात्री हेच अडतं, फॉर्म नाही अडत.

तू लिहिलंयस की जूनच्या लागवडीआधी शेतकऱ्यांसाठी व्हिडिओंची मालिका करणार आहात. चांगलं आहे. तर उद्या सकाळी कॅमेरावाल्याला फोन करायच्या आधी सर्व्हिस डिपार्टमेंटला जा आणि मागच्या दोन वर्षांचं तक्रारींचं रजिस्टर कुठंय ते विचार, कॉम्प्युटरवर असेल तर एक्सपोर्ट करून घे, वही असेल तर पानापानाचा फोटो काढ. मग दोन पानी कागद लिही आणि इथे टाक, कंपनीचं नाव काढून, मी वाचून खुणा करून देते. शनिवारी-रविवारी नको, वांग्यांचा सीझन आहे, घरी भरीत पार्टीला माणसं येऊन राहिलीत.